शाळेच्या वीजवापराचा आलेख : मांडणी, वाचन व तुलना

धाराशिव जिल्ह्यातील कोणत्याही शेतकऱ्यास यंदा पाऊस कसा झाला असे विचारले, तर तो मृगाच्या पावसाची तुलना हस्ताच्या पावसाशी करीत नाही. यंदाच्या मृगाची तुलना तो गेल्या वर्षीच्या मृगाशी करतो. आणि गेले वर्षच अवर्षणाचे असेल, तर त्यामागील चार वर्षे आठवून पाहतो. एका सरीवरून तो अनुमान बांधीत नाही. पाऊस केव्हा पडला, किती दिवस पडला आणि कोणत्या रानात पडला, हे विचारल्यावाचून तो आकड्यास किंमत देत नाही. काळाच्या ओघात बदलत जाणाऱ्या आकड्यांची तुलना कशी करावी, याचे हे उत्तम शास्त्र होय. हेच शास्त्र शाळेच्या इमारतीत दरमहा खर्च होणाऱ्या विजेस कसे लावावे, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

१. या नोंदीचे प्रयोजन

महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाची स्थापना १९६० साली झाली व जिल्हा परिषदांचा कारभार १ मे १९६२ पासून सुरू झाला. त्या काळी खेड्यातील प्राथमिक शाळेचा विजेशी फारसा संबंध येत नसे. आज पंखे, दिवे, संगणक, डिजिटल वर्गातील दूरदर्शन संच, पाण्याची मोटर ही शाळेच्या नित्य वापरातील साधने झाली आहेत. २००५ साली विद्युत मंडळाचे विभाजन झाल्यापासून वीजवितरणाचे काम महावितरण कंपनीकडे आहे व तिचे देयक, म्हणजे नित्याच्या बोलण्यातील ‘लाइट बिल’, शाळेच्या नावे येत असते.

हे देयक बहुधा एकाच वाटेने जाते. ते येते, त्यावरील रकमेकडे पाहून चिंता केली जाते, जमेल तेव्हा भरणा होतो आणि कागद फाइलीत लागतो. त्यावरील इतर आकडे कोणी वाचीत नाही. वास्तविक, समग्र शिक्षा योजनेतून पटसंख्येच्या प्रमाणात मिळणारे संयुक्त शाळा अनुदान मर्यादित असते. किरकोळ दुरुस्ती, अध्ययन-साहित्य, खेळाचे साहित्य, पाणी, इंटरनेट आणि वीज या सर्वांचा भार त्याच अनुदानावर पडतो. म्हणून व्यर्थ गेलेले प्रत्येक युनिट मुलांच्या साहित्यातून वजा होत असते. थकबाकी वाढत जाऊन वीजपुरवठा तोडला गेला, तर डिजिटल वर्गातील संचावर कापड टाकून ठेवण्याची वेळ येते आणि भर उन्हाळ्यात पंखे बंद पडतात. हे टाळण्याचा पहिला उपाय खर्चाचा नसून नोंदीचा आहे.

२. रुपये नव्हेत, युनिट

देयकावरील सर्वांत ठळक आकडा रुपयांचा असतो. परंतु वापराच्या आलेखास तो उपयोगी नाही. विजेचे दर महाराष्ट्र वीज नियामक आयोगाच्या आदेशाने ठरतात व वेळोवेळी बदलतात. शिवाय देयकात स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार, मागील थकबाकी अशा अनेक रकमा एकत्र झालेल्या असतात. सुट्टीच्या महिन्यात एकही दिवा लागला नाही तरी स्थिर आकार द्यावाच लागतो. तेव्हा दोन वर्षांच्या रकमा शेजारी ठेवल्या, तर वापर बदलला, की दर बदलला, की थकबाकी चढली, याचा उलगडा होत नाही. आलेखासाठी युनिटचाच आकडा घ्यावा.

एक युनिट म्हणजे एक किलोवॅट-तास. हजार वॉटचे उपकरण एक तास चालले, किंवा शंभर वॉटचे उपकरण दहा तास चालले, की एक युनिट खर्च होते. जुन्या धाटणीचा ७५ वॉटचा छतावरील पंखा सुमारे १३ तासांत एक युनिट वापरतो. २० वॉटची एलईडी ट्यूब त्याच युनिटवर ५० तास जळते. हा हिशेब मनात असला की आलेखातील चढउतारांचा अर्थ लावणे सोपे जाते.

देयकावर ‘चालू रीडिंग’ व ‘मागील रीडिंग’ असे दोन आकडे असतात. त्यांच्या वजाबाकीस गुणक अवयवाने गुणले की वापर मिळतो. लहान जोडणीसाठी हा गुणक बहुधा १ असतो. येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. शाळेस कुलूप असल्यामुळे किंवा अन्य कारणाने मीटर वाचता आले नाही, तर मागील सरासरीवरून देयक दिले जाते. असा आकडा मोजलेला नसतो. तो अंदाज असतो. पुढे खरे वाचन झाले की त्या अंदाजाची वजावट होते आणि नंतरचा महिना अकारण कमी दिसतो. म्हणून सरासरीचा आकडा नोंदवहीत वर्तुळ करून लिहावा व आलेखात भरीव ठिपक्याऐवजी पोकळ ठिपक्याने दाखवावा. पोकळ ठिपक्यावरून निष्कर्ष काढू नये.

३. शाळेची स्वतःची नोंदवही

उत्तम मार्ग असा की, शाळेने स्वतः मीटर वाचावे. दर महिन्याच्या पहिल्या शालेय दिवशी, शाळा भरण्यापूर्वी, मुख्याध्यापकांनी अथवा नेमून दिलेल्या शिक्षकांनी वाचन घ्यावे. इलेक्ट्रॉनिक मीटरच्या पडद्यावर तारीख, वेळ, विद्युतदाब असे अनेक आकडे आळीपाळीने येतात. त्यांपैकी ज्याच्यापुढे किलोवॅट-तासाची के.डब्ल्यू.एच. ही रोमन अक्षरे असतील, तोच आकडा टिपावा. दशांश चिन्हाकडे लक्ष द्यावे. ते विसरल्याने दहापट वापर नोंदला जाण्याची चूक सहज होते.

नोंदवहीत पुढील सहा रकाने पुरेसे आहेत : वाचनाची तारीख; मीटरवरील आकडा; मागील वाचनापासून झालेले दिवस; वापरलेली युनिट; त्या अवधीतील शाळेचे कामाचे दिवस; आणि शेरा. यांपैकी शेऱ्याचा रकाना सर्वांत महत्त्वाचा होय. सकाळची शाळा सुरू झाली, नवे पंखे बसविले, निवडणुकीसाठी शाळेत मतदान केंद्र होते, इमारतीचे बांधकाम चालू असताना शाळेची वीज वापरली गेली, रोहित्र जळाल्याने आठ दिवस पुरवठा नव्हता, अशा गोष्टी त्यात लिहाव्यात. सहा महिन्यांनी त्या कोणाच्याही स्मरणात राहत नाहीत. आणि मग आलेखातील उंचवटा किंवा खळगा हे कोडे होऊन बसते. मार्च २०२० पासून कोरोनाच्या साथीमुळे शाळा दीर्घकाळ बंद होत्या. त्या काळातील आकडे तुलनेसाठी घेतले, तर त्यानंतरचे प्रत्येक वर्ष उधळपट्टीचे ठरेल. ते वर्ष आलेखात दाखवावे, परंतु त्यास प्रमाण मानू नये.

ज्या शाळांच्या छतावर सौर पॅनेल बसविले आहेत, तेथे महावितरणकडून घेतलेली वीज व त्यांना दिलेली वीज स्वतंत्रपणे मोजली जाते. अशा शाळेने पॅनेलवर निर्माण झालेली वीज व घेतलेली वीज यांच्या बेरजेतून दिलेली वीज वजा करावी. उरेल तो इमारतीचा खरा वापर. केवळ देयक शून्यावर आले म्हणजे वापर शून्यावर आला, असे समजू नये.

४. आलेखाची मांडणी

काळानुसार बदलणारे आकडे रेषेने दाखविण्याची रीत दोनशेहून अधिक वर्षांची आहे. स्कॉटलंडच्या विल्यम प्लेफेअर याने १७८६ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात आयात-निर्यातीचे आकडे रेषांनी व स्तंभांनी चितारले. हा प्लेफेअर तरुणपणी बर्मिंगहॅमजवळील बोल्टन व वॉट यांच्या कारखान्यात आराखडे काढण्याचे काम करीत असे. ज्या जेम्स वॉटचे नाव आज प्रत्येक दिव्यावर व पंख्यावर छापलेले असते, त्याच्या हाताखाली राबलेल्या माणसानेच रेषालेखाचा पाया घातला, हा योग वर्गात सांगण्याजोगा आहे.

आलेख काढण्यासाठी चौकटीच्या वहीचे एक पान पुरते. आडव्या अक्षावर जून ते मे असे बारा महिने, एका सेंटिमीटरला एक महिना या प्रमाणाने घ्यावेत. शाळेचे वर्ष जूनमध्ये सुरू होते. म्हणून जानेवारीपासून आरंभ करण्यापेक्षा हे अधिक सोयीचे आहे. उभ्या अक्षावर एका सेंटिमीटरला १० युनिट हे प्रमाण लहान शाळेस योग्य होईल. गतवर्षाची रेषा निळ्या पेन्सिलीने व चालू वर्षाची रेषा तांबड्या पेन्सिलीने काढावी. प्रमाण, महिने, वर्ष व शाळेचे नाव कागदावर लिहिण्यास विसरू नये. पुढील वर्षीही तेच प्रमाण ठेवावे; दर वर्षी प्रमाण बदलल्यास जुना कागद नव्या कागदाशेजारी ठेवण्यात अर्थ राहत नाही.

उभा अक्ष शून्यापासूनच सुरू करावा, हा नियम स्तंभालेखात तर मोडूच नये. समजा, एका वर्षी ६०४ युनिट व दुसऱ्या वर्षी ६३४ युनिट वापर झाला. वाढ केवळ पाच टक्क्यांची आहे. परंतु अक्ष ६०० पासून सुरू केला, तर पहिला स्तंभ ४ युनिटांच्या उंचीचा व दुसरा ३४ युनिटांच्या उंचीचा होईल, आणि पाहणाऱ्यास वापर साडेआठपट झाल्याचा भास होईल. येथे आकडे खरे असूनही चित्र खोटे ठरते. शाळा व्यवस्थापन समितीपुढे आलेख मांडताना ही दक्षता विशेष घ्यावी.

५. एका शाळेचे उदाहरण

विवेचन स्पष्ट व्हावे यासाठी चार खोल्यांची एक कल्पित शाळा घेऊ. तिच्यात ७५ वॉटचे आठ पंखे, २० वॉटच्या आठ ट्यूब, एक संगणक, एक दूरदर्शन संच व पाण्याची लहान मोटर आहे. आठ पंखे पाच तास चालले तर ३ युनिट होतात. उरलेल्या साधनांचे मिळून एक युनिट धरले, तर उन्हाळ्यातील भर दिवसाचा वापर ४ युनिट व थंडीतील दिवसाचा वापर १ युनिट इतका येतो. या शाळेची दोन वर्षांची नोंद खाली दिली आहे. प्रत्येक ओळीत महिना, पहिल्या वर्षाची युनिट, दुसऱ्या वर्षाची युनिट, त्यांतील फरक आणि जूनपासून साचलेला फरक, असा क्रम आहे.

जून : ४० : ४२ : +२ : २
जुलै : ७८ : ८० : +२ : ४
ऑगस्ट : ६६ : ६९ : +३ : ७
सप्टेंबर : ७० : ७२ : +२ : ९
ऑक्टोबर : ६० : ५८ : –२ : ७
नोव्हेंबर : २४ : ४१ : +१७ : २४
डिसेंबर : २६ : ५७ : +३१ : ५५
जानेवारी : २५ : ५६ : +३१ : ८६
फेब्रुवारी : ४६ : ७७ : +३१ : ११७
मार्च : ८४ : ११४ : +३० : १४७
एप्रिल : ८० : ११० : +३० : १७७
मे : ५ : ३६ : +३१ : २०८
एकूण : ६०४ : ८१२ : +२०८

आता दुसऱ्या वर्षीच्या नोव्हेंबरचे देयक हाती आले, अशी कल्पना करावी. ऑक्टोबरमध्ये ५८ युनिट होती. नोव्हेंबरमध्ये ४१ झाली. केवळ मागील महिन्याकडे पाहणाऱ्या मुख्याध्यापकांस १७ युनिटांची बचत झाल्याचे समाधान वाटेल. परंतु नोव्हेंबरात पंखे बंद होतात, दिवाळीच्या सुट्टीचे काही दिवसही त्यात येतात. वापर उतरणारच होता. गतवर्षी तो २४ वर उतरला होता. म्हणजे ज्या महिन्यात बचत भासली, त्याच महिन्यात १७ युनिट जादा खर्च झाली. मृगाची तुलना हस्ताशी केल्याने झालेली ही चूक आहे. ऋतूनुसार बदलणाऱ्या वापरात आधीच्या महिन्याशी नव्हे, तर आधीच्या वर्षातील त्याच महिन्याशी तुलना करावी, हा या विषयातील पहिला नियम होय.

वर्षाअखेरीची एकूण बेरीज पाहणे हेही पुरेसे नाही. ८१२ व ६०४ या दोन आकड्यांवरून वापर सुमारे ३४ टक्क्यांनी वाढला इतके कळते. परंतु केव्हा व का वाढला, हे कळत नाही. शिवाय ते कळेपर्यंत वर्ष सरलेले असते.

६. साचत जाणारा फरक

या ठिकाणी वरील नोंदीतील शेवटचा रकाना उपयोगी पडतो. दर महिन्याचा फरक मागील फरकात मिळवीत जावा व त्या बेरजेचा स्वतंत्र रेषालेख काढावा. पहिल्या पाच महिन्यांत ही रेषा २, ४, ७, ९, ७ अशी जवळजवळ आडवी चालते. महिन्यामागे दोन-तीन युनिटांचा फरक इकडेतिकडे होणे स्वाभाविक आहे; एखादा ढगाळ आठवडा किंवा एखादा अधिक कामाचा दिवस त्यास पुरतो. नोव्हेंबरापासून मात्र रेषा वळते आणि २४, ५५, ८६, ११७ अशी सरळ चढत जाते. जेथे रेषा वळली, तेथेच काहीतरी घडले आहे. कारखान्यांतील व मोठ्या इमारतींतील ऊर्जा-तपासनीस हीच रीत वापरतात; आणि ती साध्या बेरीज-वजाबाकीवर उभी असल्यामुळे पाचवीतील मुलासही समजते.

सरळ चढण ही देखील एक माहितीच आहे. वाढ पंख्यांमुळे असती, तर ती थंडीत नाहीशी झाली असती. येथे डिसेंबरची, एप्रिलची व सुट्टीतील मेची वाढ सारखीच, म्हणजे ३० ते ३१ युनिटांची आहे. जी वाढ ऋतू जाणत नाही व सुट्टीही जाणत नाही, ती अहोरात्र चालू असलेल्या एखाद्या साधनाची असली पाहिजे. महिन्यास ३० युनिट म्हणजे दिवसास एक युनिट. आणि १००० वॉट-तासांस २४ तासांनी भागले की सुमारे ४२ वॉट येतात. म्हणजे चाळीस-बेचाळीस वॉटचे काहीतरी नोव्हेंबरच्या मध्यापासून रात्रंदिवस चालू आहे. मागील व्हरांड्यातील बटण बिघडल्यामुळे कोणाच्या दृष्टीस न पडता जळत राहिलेला जुना दिवा, एवढे कारण त्यास पुरेसे आहे. तो दिवा नोव्हेंबरात सापडला असता, तर जवळजवळ दोनशे युनिट वाचली असती. आणि या शाळेस दोनशे युनिट म्हणजे गतवर्षीच्या वापराचा तिसरा हिस्सा होतो.

टक्केवारीविषयीही येथेच सांगणे युक्त होईल. तीच गळती एप्रिलमध्ये साडेसदतीस टक्क्यांची वाढ म्हणून दिसते, डिसेंबरमध्ये ११९ टक्क्यांची आणि मेमध्ये ६२० टक्क्यांची. कारण एकच असून टक्केवारी तीन प्रकारची येते, ती केवळ मूळ आकडा लहानमोठा असल्यामुळे. म्हणून टक्केवारी सांगताना तिच्यासोबत युनिटचा आकडाही सांगावा.

७. कारणाचा शोध

आलेख प्रश्न विचारतो. त्याचे उत्तर इमारतीत जाऊन शोधावे लागते. त्यासाठी एक सोपी कसोटी आहे. शनिवारी दुपारी १२ वाजता शाळा बंद करताना मीटर वाचावे आणि सोमवारी सकाळी १० वाजता शाळा उघडताना पुन्हा वाचावे. मधल्या ४६ तासांत वापर जवळजवळ शून्य असला पाहिजे. ४२ वॉटची गळती असेल, तर या अवधीत सुमारे दोन युनिट पुढे गेलेली दिसतील. त्यानंतर सर्व बटणे बंद करून, संगणक व इन्व्हर्टर यांच्या जोडण्या काढून मीटरवरील लुकलुकणाऱ्या तांबड्या दिव्याकडे पाहावे. तो अजूनही लुकलुकत असेल, तर वीज कोठेतरी जात आहे. मग एकेक साधन सुरू करीत जाऊन शोध घ्यावा.

सर्व काही बंद असूनही आकडा सरकत असल्यास वायरिंगमधील दोष, मीटरमधील दोष किंवा शाळेच्या जोडणीवरून अन्यत्र गेलेली तार, अशी कारणे संभवतात. अशा वेळी शिक्षकांनी मीटरची पेटी स्वतः उघडू नये. परवानाधारक वीजतंत्र्याकडून तपासणी करून घ्यावी व महावितरणच्या कार्यालयाकडे नोंदवहीच्या प्रतीसह लेखी अर्ज करावा. तपासणी होण्यापूर्वी गावातील कोणाकडेही बोट दाखवू नये. आलेखावरून वाढ सिद्ध होते, अपराधी सिद्ध होत नाही. आणि शाळेचा गावाशी असलेला संबंध तीस युनिटांहून मोलाचा आहे.

८. समान गोष्टींची तुलना

दोन आकडे शेजारी ठेवण्यापूर्वी ते समान अवधीचे आहेत काय, हे पाहावे. एका देयकात ३३ दिवसांची ६६ युनिट व दुसऱ्यात ३१ दिवसांची ६२ युनिट असतील, तर वापर कमी झालेला नाही. दोन्ही वेळा तो दिवसास २ युनिट इतकाच आहे. त्याचप्रमाणे कामाचे दिवसही विचारात घ्यावेत. वरील उदाहरणातील पहिल्या वर्षी मार्चमध्ये ८४ व एप्रिलमध्ये ८० युनिट आहेत. मार्चमध्ये शाळा २४ दिवस व एप्रिलमध्ये २० दिवस भरली असे धरले, तर कामाच्या दिवशीचा वापर मार्चमध्ये साडेतीन व एप्रिलमध्ये ४ युनिट येतो. एकूण आकडा उतरला. परंतु प्रत्यक्षात ऊन वाढले व पंखे अधिक चालले.

उन्हाचा हिशेब अधिक काटेकोरपणे करण्याची रीतही उपलब्ध आहे. भारतातील दुष्काळ आयोगाचे अध्यक्ष राहिलेले रिचर्ड स्ट्रॅची यांनी १८७८ साली, एका ठरावीक तापमानाच्या वर हवा किती अंश व किती काळ राहिली याची बेरीज मांडण्याची पद्धत दिली. पिकांच्या वाढीसाठी योजलेली ही कल्पना पुढे इमारतींच्या वापरास लावली गेली. समजा, २४ अंश ही मर्यादा धरली व एखाद्या दिवसाचे सरासरी तापमान ३२ अंश असले, तर त्या दिवसाचे ८ अंश-दिवस झाले. महिन्याचे अंश-दिवस गतवर्षापेक्षा अधिक असतील, तर पंख्यांचा वाढलेला वापर दोषास्पद मानता येत नाही. प्रत्येक शाळेने हा हिशेब करावा अशी अपेक्षा नाही. परंतु उन्हाळा अधिक कडक होता की सौम्य, एवढे शेऱ्याच्या रकान्यात अवश्य लिहावे.

दीर्घ मुदतीचा कल पाहण्यासाठी लगतच्या बारा महिन्यांची चालती बेरीज करावी. दर महिन्यास नवा महिना मिळवावा व तेरावा मागचा महिना गाळावा. या बेरजेत प्रत्येक ऋतू एकदाच येत असल्यामुळे चढउतार निघून जातात आणि खरा कल उरतो. वरील शाळेत ही बेरीज दुसऱ्या वर्षीच्या ऑक्टोबरअखेर ६११ असते, नोव्हेंबरअखेर ६२८ होते, डिसेंबरअखेर ६५९ होते आणि मेअखेर ८१२ वर पोचते.

सुधारणेची परीक्षाही अशाच रीतीने करावी. ७५ वॉटच्या आठ पंख्यांऐवजी ३० वॉटचे बीएलडीसी पंखे बसविले, तर पाच तासांच्या दिवसास १.८ युनिट वाचावयास हवीत. म्हणजे २४ दिवसांच्या उन्हाळी महिन्यात सुमारे ४३ युनिट. पंखे बसविल्याच्या महिन्यावर आलेखात उभी रेघ मारावी. रेघेनंतर दहाच युनिट उतरली, तर उरलेली कोठे गेली, हा प्रश्न विचारण्याचा अधिकार नोंदवहीने शाळेस मिळवून दिलेला असतो.

९. शाळा-शाळांची तुलना आणि तिच्या मर्यादा

केंद्रातील शिक्षण परिषदेत चार शाळांचे आलेख एकत्र आले म्हणजे तुलना होणारच. परंतु दोन खोल्यांची वस्तीशाळा व आठ खोल्यांची केंद्रशाळा यांची युनिट समोरासमोर ठेवणे अन्यायाचे आहे. २००२ साली स्थापन झालेल्या केंद्र शासनाच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोने इमारतींच्या तुलनेसाठी वर्षभराच्या युनिटांस क्षेत्रफळाने भागण्याची रीत स्वीकारली आहे. वरील शाळेचे बांधकाम २४० चौरस मीटर असेल, तर पहिल्या वर्षी तिचा निर्देशांक चौरस मीटरमागे सुमारे अडीच युनिट येतो. वातानुकूलित कार्यालयांपैकी अनेकांचा निर्देशांक शंभराच्या पुढे असतो. खेड्यातील शाळा विजेची उधळपट्टी करतात असे कोणी म्हटल्यास, हे दोन आकडे त्याच्यापुढे ठेवावेत.

तथापि, निर्देशांकानेही सर्व काही समान होत नाही. बालाघाटाच्या पठारावरील पत्र्याची खोली, जुनी माळवदी इमारत, आणि ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर आजच्या उमरगा व लोहारा तालुक्यांत उभारलेली इमारत यांत उन्हाळा एकसारखा भासत नाही. पत्र्याखालील वर्गास पंखा अधिक काळ लागतो. तो त्या शिक्षकांचा दोष नव्हे.

आणि सर्वांत महत्त्वाचे असे की, कमी वापर हा नेहमीच गुण नव्हे. पंखे नादुरुस्त आहेत, संगणक पेटीत आहे, डिजिटल वर्ग उघडलाच जात नाही, अशा शाळेची रेषा आलेखात सर्वांत खाली असेल. तिला प्रशस्तिपत्र देणे म्हणजे मुलांच्या गैरसोयीचा गौरव करणे होय. याउलट, वापर वाढला म्हणून एखाद्या मुख्याध्यापकांस दोष देण्यापूर्वी त्यांच्या शाळेत नवा संगणक-कक्ष सुरू झाला आहे काय, पट वाढला आहे काय, हे शेऱ्यात पाहावे. पाहण्याची गोष्ट एवढीच की, जी वीज खर्च झाली ती मुलांच्या उपयोगी पडली काय. वर्गात मुले असताना फिरलेला पंखा हा खर्च नव्हे. रिकाम्या खोलीत फिरलेला पंखा हा खर्च होय. आलेखातील मे महिन्याचा आकडा म्हणूनच विशेष बोलका असतो, कारण त्या महिन्यात शाळेत मुले नसतात.

१०. वर्गातील उपयोग

गणिताच्या पाठ्यपुस्तकांत स्तंभालेख व जोडस्तंभालेख शिकविले जातात. त्यांसाठी दूरच्या शहरांची लोकसंख्या घेण्यापेक्षा शाळेच्या मीटरचे आकडे घ्यावेत. ज्या आकड्यामागील पंखा डोक्यावर फिरतो आहे, तो आकडा मुलांस परका वाटत नाही. वरच्या इयत्तांतील दोन विद्यार्थ्यांनी शिक्षकांच्या समक्ष, मीटरला हात न लावता, केवळ आकडा वाचावा. एकाने वाचावा व दुसऱ्याने तपासावा. वजाबाकी फळ्यावर करावी, ठिपका भिंतीवरील आलेखावर मांडावा आणि चढ किंवा उतार दिसल्यास मुलांसच कारण विचारावे. त्यांनी सांगितलेले कारण लगेच मान्य करू नये, ‘हे कशावरून?’ असा प्रश्न करावा आणि शेऱ्याचा रकाना उघडून दाखवावा. अनुमान व पुरावा यांतील अंतर मुलांस या प्रश्नातून जसे कळते, तसे ते व्याख्या पाठ करून कळत नाही. १४ डिसेंबर हा राष्ट्रीय ऊर्जा संवर्धन दिन असतो. त्या दिवशी घोषणांच्या जोडीने हा आलेख ग्रामस्थांपुढे ठेवल्यास त्याचा अधिक उपयोग होईल.

या कामासाठी एक वही, दोन रंगांच्या पेन्सिली व महिन्यास पाव तास एवढे पुरे. आरंभास मागील वर्षाची देयके फाइलीतून काढावीत. ती न सापडल्यास महावितरणच्या देयकावर मागील महिन्यांच्या वापराचा जो लहान स्तंभालेख छापलेला असतो, त्यावरून नोंद सुरू करावी. पहिल्या वर्षी रेषा एकटीच असेल व ती फारसे काही सांगणार नाही. दुसऱ्या वर्षी तिच्या शेजारी दुसरी रेषा येईल, आणि मग कोणत्या महिन्यात शाळेची वीज मुलांसाठी जळली व कोणत्या महिन्यात ती कोणासाठीच जळली नाही, हे चौथीतील मूलही बोट ठेवून दाखवील.